हौदातील माकडीण



बिरबलाच्या नावावर सांगितली जाणारी माकडिणीची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहेच. हौदात पाणी चढू लागले तसे तिने पिल्लाला कडेवर, मग खांद्यावर, शेवटी डोक्यावर घेतले. आणि स्वतःच्या नाकातोंडात पाणी जाऊ लागताच त्यालाच पायाखाली घालून ती उभी राहिली. एखाद्या सत्कार्याची वर्गणी मागावयास जावे, तर ही गोष्ट आम्हांला हमखास ऐकावी लागते! जीव सर्वांत प्यारा, दया हा वरचा मुलामा, असे तिचे तात्पर्य. हक्स्लेसारख्या थोर शास्त्रज्ञानेही १८९३ साली निराळ्या भाषेत जवळजवळ हेच सांगितले होते : सृष्टीचा क्रम निर्दय, आणि नीती म्हणजे माणसाने त्या क्रमाशी मांडलेले भांडण.

पण हौद नव्हे, खरेच पाणी पुढे आले तेव्हा काय घडले, ते पाहा. अमेरिकेत वॉशू नावाची एक चिंपँझी मादी होती. १९६६ पासून गार्डनर दांपत्याने तिला बहिऱ्यांची खुणांची भाषा शिकविली. पुढे ओक्लाहोमात ती इतर चिंपँझींसह पाण्याने वेढलेल्या एका बेटावर राहत असे. नुकतीच आलेली एक मादी बिथरून कुंपणापलीकडे उडी मारावयास गेली आणि पाण्यात पडली. चिंपँझीला पोहता येत नाही. वॉशूने विजेचे कुंपण ओलांडले, काठावरचे गवत एका हाताने घट्ट धरले, निसरड्या चिखलात पाय टाकला आणि बुडणारीचा हात पकडून तिला ओढून घेतले. ती तिची पोर नव्हती. धड ओळखीचीही नव्हती.

कोणी म्हणेल, ही माणसांत वाढलेली; माणसाचा गुण लागला असेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून आपण रानात जाऊ.

टांझानियातील गोम्बे येथे जेन गुडॉलबाईंनी १९६० पासून चिंपँझींचे निरीक्षण केले. तेथे सारेच गोड नाही. १९७४ ते १९७८ या काळात एका टोळीने शेजारची टोळी, जी काही वर्षांपूर्वी त्यांच्यातलीच होती, एकेकाला गाठून संपविली. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. चिंपँझी आमचा पूर्वज नव्हे, भाऊबंद आहे. तेव्हा क्रौर्य तेवढे रानातून आले आणि दया मात्र माणसाने मागाहून कमावली, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. दोन्ही एकाच वाड्यातून आलेली दिसतात.

त्याच गोम्बेत १९८७ साली फुप्फुसाच्या तापाची साथ आली. मेल नावाचे सव्वातीन वर्षांचे पिल्लू पोरके झाले. त्याला जवळ केले ते स्पिंडलने. हा बारा वर्षांचा नर, नात्याचा नव्हे, आणि त्याचीही आई त्याच साथीत गेलेली. तो मेलला पाठीवर वाहून नेई, रात्री आपल्या घरट्यात घेई, हात पुढे केला की घास देई. मोठे नर चवताळून धावाधाव करीत, तेव्हा लहानग्यांनी वाटेत येऊ नये, ही तेथली रीत. स्पिंडलसारख्या पोरसवदा नराने तर मुळीच नव्हे. पण मेल मधे सापडला की स्पिंडल धावून जाई, त्याला उचलून बाजूला नेई, आणि त्यापायी स्वतः मार खाई. स्पिंडलमुळेच मेल जगला, याविषयी गुडॉलबाईंना शंका नव्हती.