आपल्या मापाची हवा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाला आम्ही दोघं एकदम उभे राहिलो, याचं काहींना नवल वाटलं असेल. घोरण्याच्या आजारात रोगी एक असला तरी जागणारा दुसराच असतो. आमच्यातला एक घोरतो आणि दुसरी रात्र मोजते. म्हणून भाषणही दोघांचं.

आपल्या खासबागेत घोरण्याचं कुणाला फारसं वाटत नाही. मागांच्या खटखटीत झोपणाऱ्या गल्लीत घोरणं ते काय! आम्हीही वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं. पण तीन वर्षांपूर्वी निपाणीहून मोटारसायकलवरून परतताना, वंटमुरी घाटाच्या अलीकडे, भर दुपारी गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागला. मागे बसलेलीनं पाठीत बुक्की घातली, म्हणून आज दोघं तुमच्यासमोर आहोत.

मग झोपेची तपासणी झाली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते आणि श्वास दहा-दहा सेकंद, कधी त्याहून जास्त अडतो. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याचे असे प्रसंग तासाला सरासरी किती, ते मोजतात. ५ च्या आत असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आमचा आकडा आला ४२.

सीपॅप यंत्र घरी आलं. चार रात्री लावलं आणि पाचव्या दिवशी कपाटावर ठेवून दिलं. मास्क लावून आडवं होताच हवा पुरेना, जीव गुदमरायचा. उलट पहाटे असा झोत यायचा की मास्क फडफडायचा आणि सकाळी पोट फुगलेलं असायचं. पाच महिने यंत्रावर धूळ बसली. डॉक्टरांना सांगायलाही आम्ही गेलो नाही, ही चूक आमचीच.

गेलो तेव्हा कळलं की यंत्र कारखान्यातून आलं तसंच चालू केलं होतं, किमान दाब ४, कमाल २०. या आकड्यांचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नव्हता, आम्हीही विचारला नव्हता. तोच आज सांगतो.

हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. शहाळ्याची नळी पाण्यात १० सेंटिमीटर खोल धरा आणि फुंकून बुडबुडे काढा. त्याला लागतो तेवढा जोर म्हणजे १० चा दाब. स्कूटरच्या चाकातल्या हवेच्या मानानं हा साधारण दोनशेवा भाग. तेव्हा ‘फुप्फुस फुटेल’ ही भीती सोडा. ही हवा आपल्यासाठी श्वास घेत नाही. ती घशाला आतून टेकू देते, श्वास आपला आपणच घ्यायचा. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. आजचं यंत्र कितीही चकचकीत दिसलं तरी मूळ कल्पना तीच.

काही यंत्रांत दाब एकच, ठरलेला असतो. आमचं ऑटो आहे. घसा मिटू लागला की ते दाब वाढवतं, मोकळा राहिला की उतरवतं. पण ही वाढ हळूहळू होते. आमच्या घशाला बहुतेक रात्री १०-११ चा दाब लागत होता. ४ पासून तिथवर चढेपर्यंत काही श्वास अडून जायचे. शिवाय जागेपणी ४ च्या दाबावर अनेकांना हवा अपुरी वाटते. डॉक्टरांनी यंत्रातली नोंद पाहून किमान ८ आणि कमाल १३ केलं. झोप लागेपर्यंत दाब सावकाश चढावा म्हणून ‘रॅम्प’ची सुरुवात ६ वर ठेवली. श्वास सोडताना दाब थोडा उतरेल अशी सोय चालू केली. आणि मास्क एक माप लहान दिला, कारण पहाटेच्या फडफडीचं एक कारण गळती होतं.

आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. मागावर ताण्याचा ताण जास्त झाला तर धागा तुटतो, कमी झाला तर झोळ पडतो. एका मागाचा ताण दुसऱ्याला चालेलच असं नाही. तसंच शेजाऱ्याचा १४ आणि आपला ८ असेल, तर त्याचा आजार मोठा असा अर्थ नाही. त्याच्या घशाला तेवढा टेकू लागतो, एवढंच. आपल्यालाही उताणं झोपलं की जास्त लागतो, कुशीवर कमी. वजन बरंच उतरलं किंवा वाढलं तर माप पुन्हा बघावं लागतं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर असलं, तरी बहुतेक नवी यंत्रं उंचीचा हिशेब आपोआप करतात. ती काळजी नको.

आकडे स्वतः बदलू नका, पण वाचायला शिका. सकाळी यंत्र तीन गोष्टी दाखवतं: किती तास लावलं, गळती किती, श्वास तासाला किती वेळा अडला. हा शेवटचा आकडा ५ च्या आत हवा. आमचा आता २ ते ३ असतो. आणि डॉक्टरांना नुसतं ‘जमत नाही’ म्हणू नका. सुरुवातीला हवा कमी पडते, श्वास सोडताना अडतं, पोट फुगतं, की तोंड कोरडं पडतं, ते सांगा. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

तुमच्या कपाटावर असं यंत्र पडलं असेल, तर उद्या खाली काढा आणि घेऊन डॉक्टरांकडे जा. विसर्जनाची मिरवणूक पाहून आम्ही सकाळीच घरी पोचू. तेव्हाही मास्क लावूनच झोपू, आणि यंदा दुसरीही झोपेल.

गणपती बाप्पा मोरया!