निर्वासितांच्या न्यायासाठी उमेदवारी

(संस्थेच्या विद्यार्थी-सत्कार समारंभात केलेले भाषण)



सत्कारप्रसंगी गुणवंतांची स्तुती करावी, वडीलकीच्या नात्याने चार उपदेशाचे शब्द बोलावेत आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. तो आज आम्ही मोडणार आहोत. कारण आम्हांस प्रथम एक कबुली द्यावयाची आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील कायद्याच्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्ती समितीकडे अर्ज केला होता. निर्वासितांस विनामूल्य कायदेशीर साहाय्य देणाऱ्या दिल्लीच्या एका संस्थेत चार आठवडे काम करण्याची संधी तिला मिळाली होती. वेतन नव्हते. प्रवासाचा व राहण्याचा खर्च तेवढा तिने मागितला होता. “यात शिक्षण कोणते आणि ज्ञातीचे हित कोणते?” असा शेरा मारून तो अर्ज फेटाळण्यात आला. तो शेरा आमच्या हस्ताक्षरातील आहे.

तिच्या वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून तिला पाठविले. परत आल्यावर ती आम्हांस मुद्दाम भेटावयास आली, हे तिचे सौजन्य.

आज जिला इंटर्नशिप म्हणतात तिलाच पूर्वी उमेदवारी म्हणत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान २० आठवडे अशी उमेदवारी आवश्यक आहे, आणि ती स्वयंसेवी संस्थेतही करता येते. म्हणजे आमच्या शेऱ्यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमांतच होते. आम्ही ते वाचले नव्हते, इतकेच.

आता हे काम काय असते ते पाहू. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील नाही, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा जाऊन त्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. निर्वासित कोणास म्हणावे हे त्यातही सांगितलेले नाही. तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार इत्यादी देशांतून आलेले लोक संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या दिल्ली येथील कचेरीकडे जातात. तेथे मुलाखत होते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने मायदेशी छळ होईल अशी साधार भीती आहे काय, हे तीत तपासले जाते. ज्याच्याजवळ कागद नाही, साक्षीदार नाही, त्याचे सारे भवितव्य त्याने सांगितलेल्या हकिकतीवर अवलंबून!

ती हकिकत दुभाष्यामार्फत ऐकून, क्रम लावून, शब्दाशब्दाने लिहून काढणे हे उमेदवाराचे काम. आमच्या विद्यार्थिनीने एका अफगाण बाईचे प्रकरण सांगितले. नाव नाही, गाव नाही, कारण गुप्तता हा तेथील पहिला धडा. पूर्वीच्या एका निवेदनात घर सोडल्याचे साल एका वर्षाने पुढे गेले होते, आणि त्यामुळे बाई खोटे बोलते असा संशय येण्याजोगी स्थिती झाली होती. चूक बाईची नव्हती, पंचांगाची होती. अफगाण लोकांचे सौर वर्ष मार्चमध्ये बदलते. काबूल तालिबानांच्या हाती गेले तो १५ ऑगस्ट २०२१ चा दिवस त्यांच्या गणनेने २४ असद १४०० हा होय. त्यांच्या सालात ६२१ मिळवावयाचे की ६२२, हे महिन्यावर ठरते. शकात ७८ मिळवावे की ७९, हा घोळ ज्या घरात जुन्या जन्मपत्रिका आहेत त्यांस नवा नाही. मुलीने तीन दिवस बसून एकेक तारीख ताडून पाहिली. आजोबांच्या पंचांगाचा असा उपयोग होईल असे तिला वाटले नव्हते, असे ती हसत म्हणाली. आम्हांस मात्र हसू आले नाही.

निवाडे वाचून टिपणे करणे हाही या कामाचा भाग. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातील चकमांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्यास दिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने जम्मूतील रोहिंग्यांची रवानगी थांबविण्यास नकार दिला, मात्र ती विहित पद्धतीनेच व्हावी असे सांगितले. पुढच्याच महिन्यात मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांस उच्चायुक्तांकडे दाद मागण्यासाठी दिल्लीस जाऊ दिले. स्पष्ट कायदा नसला म्हणजे प्रत्येक प्रकरण पहिल्यापासून लढावे लागते, आणि त्यासाठी माणसे लागतात.

“आधी घरचे, मग परके,” असे आमच्या समितीत बोलले गेले. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. परंतु १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया व मुले. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे उतरली, त्यांतून उल्हासनगर झाले. आपल्या मुलखास हा विषय परका कधी होता?

उमेदवारीस जाणाऱ्यांस मात्र एक सांगणे आहे. तेथे छायाचित्रे काढण्यास जाऊ नये. कोणासही आश्वासन देऊ नये. विद्यार्थ्यास न्यायालयात वकिली करता येत नाही, आणि निर्णय त्याच्या हाती नसतो.

अडचण राहते ती पैशाची. बिनपगारी काम दिल्लीत घर किंवा नातलग असणाऱ्यांनाच परवडते. आपल्या मुलांपैकी बहुतेकांस ते नाही. म्हणून दर वर्षी दोन विद्यार्थ्यांस अशा उमेदवारीसाठी चार आठवड्यांचा प्रवास व निवासखर्च द्यावा, आणि त्या मुलीच्या वडिलांचे कर्ज संस्थेने फेडावे, असा ठराव आम्ही कार्यकारिणीच्या येत्या सभेपुढे ठेवीत आहोत. ज्यांचा त्यास विरोध असेल त्यांनी तो सभेत मांडावा. मागच्या वेळी सारी चर्चा जिन्यावरच झाली होती.