अंड्यातच गाठायची अळी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला बोलायला सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही कॉम्प्युटरवर बोलणार. पण आज मला अळीवर बोलायचंय.

आठवीत आपल्यापैकी कुणीतरी बरणीतून एक अळी आणली होती. तिच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं. आपण ओरडलो, "बाई, अळीनं अंडी घातली!" बाई म्हणाल्या, "अळी कुठली अंडी घालते? हे एका बारीक गांधीलमाशीचे कोष आहेत. तिची पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर आलीत." "ईऽऽ" करून मागे सरकणाऱ्यांत मी पहिली होते.

ती बरणी मला आठवली ती तीन वर्षांपूर्वी. टोमॅटोवर फवारणी करताना माझा धाकटा भाऊ बांधावर चक्कर येऊन पडला. रात्री मी पुण्याहून दवाखान्यात पोचले. सकाळी शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "ताई, आठवड्याला एक फवारा मारतोय, तरी फळ पोखरतंच."

का पोखरतं, ते मी शोधत बसले. अळी फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय त्याच औषधानं तिला खाणारे किडेही मरतात. आमच्या कामात चूक जितकी लवकर सापडेल तितकी स्वस्त पडते. अळीचंही तसंच, तिला अंड्यातच गाठायला हवं.

ते काम ट्रायकोग्रामा करतो. हा मिलिमीटरपेक्षाही लहान कीटक पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालतो. मग त्या अंड्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर येतो. तांदळावरच्या पतंगाची अशी सुमारे २० हजार अंडी चिकटवलेलं ट्रायकोकार्ड मिळतं. त्याचे तुकडे करून पानांच्या खालच्या बाजूला लावायचे.

पहिल्यांदा मी सपशेल आपटले. भर दुपारी कार्डं लावली, काही मुंग्यांनी खाल्ली आणि उरलेल्यांवर तिसऱ्या दिवशी भावानं सवयीनं फवारा मारला. आबा म्हणाले, "पुठ्ठ्यानं कधी अळी मरते का?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या हंगामात नीट केलं. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली. झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं घेतलं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात आणि पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. कामगंध सापळ्यात पतंग दिसू लागले, तशी कार्डं लावली, तीही संध्याकाळी. उरलेल्या अळ्यांसाठी एचएएनपीव्ही हा विषाणू फवारला. तोही संध्याकाळीच, कारण उन्हात तो टिकत नाही. चार-पाच दिवसांनी अळ्या झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकून मेलेल्या दिसल्या. आबांनी त्या स्वतः मोजल्या. बोलले काहीच नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला बोलावून दाखवल्या.

विषारी फवारण्या अकरावरून चारवर आल्या. पूर्ण थांबल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. थोडी फळं अजूनही किडतात आणि त्या वर्षी भावही पडलेलाच होता. पण भाऊ पुन्हा दवाखान्यात गेला नाही. आमच्या घराला तेवढं पुरलं.

आपल्यातले निम्मे आजही शेती करतात. त्यांना एकच सांगणं आहे: पुढचा फवारा मारण्याआधी पान उलटून बघा. अंडी पांढरट असतील तर अळी येणार आहे. काळी पडली असतील तर बहुधा मित्र आधीच पोचलेत, त्यांना मारू नका.

आणि बाई, त्या दिवशी बरणीपासून मागे सरकले होते, त्याबद्दल माफ करा. आता मी भिंग घेऊन पुढे वाकते.