‘लिडार’ला मराठीत काय म्हणावे?



बिदर जिल्ह्यातील भालकी-औराद आणि कलबुर्गीचा आळंद तालुका या पट्ट्यात एकाच शेताची ओळख तीन भाषांतून होत आली. निजामी अमदानीतले दप्तर उर्दू, १ नोव्हेंबर १९५६ नंतरचे कन्नड, आणि कित्येक घरांतील बोलणे मराठी. अशा मुलखात जमीन मोजणारे नवे यंत्र येते, तेव्हा त्याच्या नावाचा प्रश्न केवळ कोशकारांचा राहत नाही. ज्या कागदावर सही करावयाची, त्यातील शब्द सही करणाऱ्यास कळावयास हवा.

लिडारचे तत्त्व साधे आहे. यंत्रातून प्रकाशाचा अत्यल्प काळ टिकणारा स्पंद सोडावयाचा, तो समोरच्या वस्तूवर आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा, आणि त्यावरून अंतर काढावयाचे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावतो; म्हणून जाण्यायेण्यात सेकंदाचा अब्जांश भाग लागला तर वस्तू १५ सेंटिमीटरवर आहे असे ठरते. असे असंख्य स्पंद विमानातून सोडले की खालच्या भूमीचा चढउतार बिंदूबिंदूंनी उभा राहतो.

या नावाचा इतिहास मात्र सहसा उलटा सांगितला जातो. लेसरपासून लिडार झाले, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती अशी की, ‘लिडार’ हा शब्द मिडलटन आणि स्पिलहाउस यांच्या हवामानशास्त्रीय उपकरणांवरील ग्रंथात १९५३ साली आला, आणि पहिला लेसर मेमनने १९६० साली चालविला. ढगांच्या तळाची उंची साध्या दिव्याच्या प्रकाशस्पंदांनी मोजण्याची खटपट त्यापूर्वीचीच. प्रकाशासाठीचा इंग्रजी शब्द आणि ‘रडार’ यांची ती जोडणी होती. तिची अक्षरे फोडून लांबलचक अर्थ बसविण्याचा उद्योग मागाहूनचा. १९६३ मध्ये फिओको व स्मलिन यांनी माणकाच्या लेसरने वरच्या वातावरणाचा शोध घेतला, आणि जुन्या नावाला नवे सामर्थ्य लाभले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८०च्या दशकापासून अशाच यंत्राने हवेतील सूक्ष्म कणांचा अभ्यास होऊ लागला. चांद्रयान-१ ने २००८ साली चंद्राच्या पृष्ठाचे उंचसखलपण मोजण्यास नेलेले साधनही याच कुळातले.

म्हणून ‘लेसर-दूरसंवेदन’ हे भाषांतर अर्थदृष्ट्या फसवे ठरते. दूरसंवेदनात उपग्रहाने टिपलेली छायाचित्रेही येतात, तेथे वेळ मोजण्याचा संबंध नसतो. शिवाय उच्चारता उच्चारता तोंडाला फेस यावा अशी ही संज्ञा मोजणीदार कधी वापरणार नाही! सावरकरांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ टिकले, कारण ते आटोपशीर होते आणि ऐकताक्षणी उलगडत. उलट शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तरी ‘जमीन’ आणि ‘कागद’ यांना मराठी माणसाच्या तोंडातून कोणी हुसकावू शकले नाही. मूळ नाव ठेवावयाचे की नवे घडवावयाचे, याचा निवाडा सोवळेपणावर न करता वापरावर करावा.

सीमाभागात तर ‘लिडार’ हेच रूप ठेवणे श्रेयस्कर. मराठीने एक संस्कृत समास रचला, कन्नडने दुसरा, आणि तंत्रज्ञ इंग्रजी नावच बोलत राहिला, तर एका बांधावर एका यंत्राची तीन नावे होतील. ‘लिडार’ दोन्ही लिप्यांत सारखेच लिहिता येते. समजावून सांगण्यासाठी त्याच्या शेजारी ‘प्रकाशवेध’ हा शब्द द्यावा. ‘वेध घेणे’ यात पाहणे आणि मापणे दोन्ही सामावते, आणि वेधशाळा मराठी वाचकास परकी नाही.

नाव चुकले की कामही चुकीचे समजते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांवरून होते; ती लिडारची मोजणी नव्हे. छायाचित्रात झाडाखालची भिंत झाकली जाते. लिडारचे काही स्पंद पानांच्या फटींतून भूमीपर्यंत पोहोचतात, म्हणूनच कंबोडियातील अंकोर परिसराच्या रानाखाली दडलेली जुनी नगररचना २०१२च्या हवाई सर्वेक्षणात उमटली.

परंतु हा किरण माती भेदत नाही, हेही सांगितले पाहिजे. बिदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील कारेज आहे. जांभ्या खडकातून कोरलेला हा भूमिगत पाणीमार्ग स्थानिक बोलीत ‘सुरंग बावी’ म्हणून ओळखला जातो. त्याचा आतला बोगदा लिडारला विमानातून दिसणार नाही. ओळीने खोदलेल्या उभ्या विहिरींची जी तोंडे उघडी आहेत तेवढी दिसतील, आणि त्यांच्या रांगेवरून मार्गाचा अंदाज बांधता येईल. बुजलेल्या तोंडांचा ठावठिकाणा मात्र त्या शिवारातील वृद्धांनाच विचारावा लागेल; आणि ते ‘कारेज’ म्हणतील की ‘बावी’, हे विचारणाऱ्यास आधी ठाऊक असलेले बरे.