साडेचार शिष्यवृत्त्या आणि दहावा मुलगा

आज गोल्फ. थांबा, लगेच स्किप करू नका. टीव्हीवरचा नाही, कॉलेजातला गोल्फ.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात स्टिलवॉटर नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मुलांच्या टीमने राष्ट्रीय विजेतेपद बारा वेळा जिंकलंय. पहिलं १९६३ मध्ये, बारावं २०२५ मध्ये. १९९५ ला तर अंतिम फेरीत स्टॅनफर्डशी बरोबरी झाली. आणि स्टॅनफर्डकडून कोण खेळत होतं? टायगर वुड्स! तरी प्लेऑफमध्ये जिंकली ओक्लाहोमाचीच पोरं.

एकट्याने खेळायचा खेळ, मग टीम कशी? सोपं आहे. पाच जण खेळतात, चांगले चार स्कोअर धरतात. पाचवा सोडून देतात. पण तो कुणाचा असणार, हे खेळताना कुणालाच माहीत नसतं. म्हणजे एखाद्याचा दिवस वाईट चाललाय, तरी त्याला शेवटच्या होलपर्यंत जीव लावूनच खेळावं लागतं. मला कॉलेज गोल्फमधलं हेच सगळ्यात आवडतं.

आता पैशाचं बघू. या खेळाला तिकीटविक्रीतून मिळतं काय? जवळजवळ काहीच नाही. कॉलेज खेळांचा गाडा ओढतो तो अमेरिकन फुटबॉल. त्यामुळे गोल्फच्या प्रशिक्षकाला देणगीदार शोधावे लागतात. माइक होल्डर यात उस्ताद. १९७३ ते २००५ ते प्रशिक्षक होते, आठ विजेतेपदं त्यांच्या काळातली. टीमचं घरचं मैदान, कार्स्टन क्रीक, त्यांनीच पैसे जमवून उभं केलं. नाव दिलं पिंग कंपनीच्या कार्स्टन सोलहाइम यांचं. पुढे हेच होल्डर युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचे प्रमुख झाले! याच मैदानावर २०१८ ला त्यांच्या टीमने अलाबामाला ५-० हरवलं. त्या टीममध्ये व्हिक्टर होवलंड होता, बरं का.

पण खरी गंमत, म्हणजे खरी अडचण, पुढे आहे. अनेक वर्षं वरच्या विभागात मुलांच्या गोल्फ टीमला जास्तीत जास्त साडेचार शिष्यवृत्त्या देता यायच्या. फुटबॉलला ८५! साडेचार म्हणजे काय, तर तुकडे करून आठ-दहा जणांत वाटायच्या. कुणाला अर्धी, कुणाला नुसती पुस्तकं, कुणी स्वखर्चाने.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. ती मान्य केलेल्या कॉलेजांत ही मर्यादा गेली, नऊच्या नऊ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण टीममध्ये जागाच नऊ. आधीपासून असलेल्या काहींना सूट मिळाली. नव्याने येणाऱ्या दहाव्याला, जो स्वतःच्या पैशाने सराव करून तिसऱ्या वर्षी टीममध्ये घुसायचा, त्याला आता दारच बंद. आणि ‘देता येते’ म्हणजे ‘देतातच’ असं नाही. तिजोरी शेवटी फुटबॉलच्या हातात.

म्हणून तुमच्यापैकी कुणी तिकडे खेळायला जायचा विचार करत असेल, तर मैदान किती भारी आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, नऊपैकी किती जागा पुढच्या वर्षी रिकाम्या होतायत, आणि त्यातल्या किती पूर्ण शिष्यवृत्तीच्या आहेत.

चला, भेटू पुढच्या भागात.