खुंटीवरची कोयती

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझं आजोळ कोकणात, लांज्याजवळच्या एका वाडीत. आजोबा सकाळी रानात निघाले की कमरेला दोरीनं आकडी बांधत आणि पाठीमागे तिच्यात कोयती अडकवत. आकडी म्हणजे कोयती अडकवायचा लाकडी तुकडा. आजोबा ती स्वतः घडवत आणि अंगाला लागणारी बाजू काचेच्या तुकड्यानं तासतासून गुळगुळीत करत. एकदा मी विचारलं, एवढा वेळ कशाला घालवता? ते म्हणाले, "बाय गो, आकडी टोचाय लागली की माणूस ती खुंटीला लावतो. खुंटीवरची कोयती रानात काय कामाची?"

हे वाक्य नीट कळायला मला अलास्कात जावं लागलं.

मी भूगर्भशास्त्राची. शिक्षणासाठी अमेरिकेत गेले आणि पुढे काही उन्हाळे अलास्कात खडकांचे नमुने गोळा करण्याचं काम केलं. अलास्का हे महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं राज्य. वस्ती मात्र साडेसात लाखांच्या आतबाहेर. तपकिरी अस्वलं अंदाजे तीस हजार! आम्हाला लहान विमानानं ओढ्याकाठी सोडत आणि दहाबारा दिवसांनी घ्यायला येत. मधल्या काळात आपलं आपण. त्यामुळे तिथे रानात काम करणारी बरीच माणसं शस्त्र बाळगतात.

रायफल का नाही, असं तुम्ही विचाराल. रायफल चांगलीच, पण एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात नमुन्याची पिशवी असली की रायफल झाडाला टेकून राहते. म्हणून अंगावर राहील असं आखूड शस्त्र लोक पसंत करतात.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर मीही रिव्हॉल्व्हर घ्यायला गेले. मनात एकच हिशेब होता : अस्वल मोठं, तर गोळी मोठी. 1955 साली आलेली चव्वेचाळीस मॅग्नम ही काडतुसं तिथे प्रसिद्ध आहेत. त्यांचं सहा इंची नळीचं पोलादी रिव्हॉल्व्हर मी घेतलं. भरल्यावर वजन जवळजवळ दीड किलो. दुकानात ते हातात धरलं तेव्हा मोठा धीर वाटला. पण दुकानात आपण ते दोन मिनिटं धरतो, रानात दहा तास वागवायचं असतं.

पहिल्याच आठवड्यात माझी कंबर सोलून निघाली. पाठीवरच्या सॅकचा रुंद पट्टा कमरेवर आवळतो, नेमका तिथेच रिव्हॉल्व्हरचा पट्टा. बसलं की नळी मांडीत रुतते, चढावर गुडघा आपटतो. चौथ्या दिवशी मी ते काढून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. म्हटलं, आहे ना जवळ!

ही गोष्ट 2009च्या ऑगस्टमधली. माझ्याबरोबर मदतीला विशीतला एक विद्यार्थी होता. गटाची प्रमुख मी, म्हणजे त्याची जबाबदारी माझ्यावर. ओढ्याला पाणी बरंच होतं, खळखळाट मोठा. सॅक काठावर ठेवून मी दहाबारा पावलांवरचा खडक फोडत होते. अचानक तो हलक्या आवाजात म्हणाला, "वर बघ."

आल्डरच्या झुडपांतून मादी अस्वल बाहेर आलं होतं आणि मागे दोन पिल्लं. अंतर असेल पंचवीसेक पावलं. माझा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे काहीच नव्हतं.

तपकिरी अस्वल ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगानं धावू शकतं. पंचवीस पावलांना त्याला दोन सेकंदही पुरत नाहीत. सॅकपर्यंत पोचणं, चेन उघडणं, रिव्हॉल्व्हर काढणं, यातलं काहीच शक्य नव्हतं. अस्वल सरळ आमच्यावर आलं. त्या मुलाच्या छातीवरच्या पट्ट्याला मिरचीच्या फवाऱ्याचा डबा होता. त्यानं तो उपसला, खिट्टी काढली आणि आमच्यापुढे केशरी धुराचा पडदा उभा केला. अस्वल त्यात शिरलं, थबकलं, शिंकरलं आणि वळून पिल्लांमागे निघून गेलं. आम्ही दोघं खोकत, डोळे चोळत उभे होतो. ज्याची राखण मी करायची, त्यानं माझी केली होती.

त्या रात्री तंबूत मला झोप आली नाही. रिव्हॉल्व्हर हाताशी असतं तर? कदाचित मी गोळी झाडली असती. थरथरत्या हातानं ती कुठेही लागली असती. जखमी अस्वल आमच्यावर आलं असतं, किंवा मेलं असतं आणि पिल्लं उघड्यावर पडली असती. पण खरी बोच वेगळीच होती. पोराच्या जिवाची जबाबदारी घेतली आणि साधन मात्र मला वागवता येणार नाही असं निवडलं.

पुढे मी या विषयावरचा अभ्यास वाचला. अलास्कातल्या फवाऱ्याच्या वापराचा एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात 1985 ते 2006 या काळातल्या 83 घटना तपासल्या होत्या. तपकिरी अस्वलांना फवाऱ्यानं रोखण्याचं प्रमाण 92 टक्के होतं आणि जवळून गाठ पडलेल्या माणसांपैकी 98 टक्के माणसं सुखरूप राहिली. बंदुकांचा अभ्यास 2012 साली आला. त्यात 269 घटना होत्या. आखूड शस्त्रांचं यश 84 टक्के, लांब बंदुकांचं 76 टक्के. मात्र शस्त्र जवळ असलेल्यांपैकी ज्यांनी ते चालवलं आणि ज्यांनी चालवलं नाही, त्यांच्या इजेच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. आणि शस्त्र निरुपयोगी ठरण्याचं सर्वांत मोठं कारण? वेळच मिळाला नाही!

फवारा म्हणजे सर्व दुखण्यांवरचं औषध नव्हे. तो आठदहा मीटरच्या आतच चालतो आणि वारा उलटा असेल तर आपल्याच डोळ्यांत येतो. छोट्या विमानात तो आत ठेवू देत नाहीत, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या तरंगणीच्या कप्प्यात ठेवतात.

मग मी काय केलं? जड रिव्हॉल्व्हर विकलं. काहींनी सातशे ग्रॅमचं हलकं घ्यायला सुचवलं. पण तीच गोळी हलक्या शस्त्रातून सुटली की हाताला बसणारा हिसका कितीतरी जोराचा असतो. दोन गोळ्यांत मनगट दुखायला लागतं, मग माणूस सराव टाळतो. म्हणून चार इंची नळीचं, मध्यम वजनाचं आणि लहान काडतुसाचं घेतलं. ते कमरेऐवजी छातीवरच्या चामडी म्यानात ठेवू लागले. तिथे सॅकचा पट्टा आड येत नाही, पाण्यात उतरलं तरी ते कोरडं राहतं, बसताना टोचत नाही. फवारा डाव्या बाजूला, उघड्यावर. रोज सकाळी रिकामा डबा उपसायचा सराव. पहिला मान फवाऱ्याचा, शेवटचा उपाय शस्त्राचा. आणि या दोन्हींच्या आधी तोंड! झुडपांत शिरताना मोठ्यानं बोलत, टाळ्या वाजवत जायचं. अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागली की बहुतेक वेळा ते आपणहून वाट सोडतं. आपल्याकडे रानवाटेनं जाणारे घुंगुरकाठी आपटत जातात, त्यामागचं शहाणपण हेच.

आता मी निवृत्त होऊन इकडे असते. रानात जाणारी तरुण मुलं विचारतात, सोबत काय न्यावं? आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. बॅटरी, काठी, शिट्टी, पाणी एवढं बहुधा पुरतं. मी फक्त एवढंच विचारते की बॅटरी कुठे ठेवणार? "सॅकमध्ये, तळाला," असं उत्तर आलं की मी त्यांना ती बाहेर काढायला लावते.

आजोबांची आकडी मामानं मला दिली आहे. दोरी केव्हाच कुजली, बाहेरच्या बाजूला भेगा पडल्यात. आतली बाजू मात्र अजून गुळगुळीत आहे.