बाकाचं भाडं



आंबिया बहाराचा संत्रा उतरायला लागला, की आमच्या शेंदूरजनाघाटात घरात माणसाला बसायला जागा उरत नाही. ओसरीवर क्रेट, अंगणात ढीग. मागच्या हंगामात अशाच एका घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो होतो. घरच्या बाईनं क्रेट भिंतीकडे सरकवले, सतरंजी अंथरली आणि दारात घुटमळणाऱ्या मजुराला म्हणाली, "काऊन उभा हायेस भाऊ? अंदर ये ना." तो दिवसभर त्याच घरचा संत्रा तोडत होता. येऊन मालकाशेजारी बसला. मालकानं 'उपासना संगीत' हे ख्रिस्ती भजनांचं पुस्तक दोघांच्या मधोमध धरलं. गडी वाचू शकत होता की नाही कोण जाणे, पण पान उलटायच्या वेळी कोपऱ्याला बोट त्याचंच होतं.

बायबलात याकोबाचं पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात नेमका हाच प्रसंग उलटा मांडलाय. सभेत सोन्याची अंगठी घातलेला एक जण येतो, मळक्या कपड्यातला दुसरा येतो. पहिल्याला मानाची जागा मिळते. दुसऱ्याला सांगतात, तू उभा राहा, नाहीतर इथे पायाशी बस. याकोब यावर फार चिडलाय. एवढा रोखठोक अध्याय नव्या करारात क्वचितच सापडतो.

आता थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या कित्येक चर्चमध्ये बाकं भाड्यानं दिली जात. पैसेवाल्यांची बाकं पुढे, घराण्याच्या नावाची. गरिबानं मागे बसायचं. मेथडिस्ट चर्चमध्येही ही रीत शिरली होती, आणि खरं दुखणं तिथेच होतं. कारण मेथडिस्ट पंथाचा मूळ पुरुष जॉन वेस्ली. त्यानं १७३९मध्ये ब्रिस्टलला उघड्या मैदानात प्रवचनं सुरू केली, ती ज्यांना चर्चमध्ये बाक नव्हतं त्या खाणकामगारांसारख्या लोकांसाठी. त्याचंच नाव सांगणाऱ्या मंडळीत शंभर-सव्वाशे वर्षांनी बाकाची पावती फाडली जाऊ लागली! बी. टी. रॉबर्ट्स नावाच्या पाळकानं याविरुद्ध लिहिलं, त्याला काढून टाकलं. मग १८६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन गावी वेगळी मंडळी उभी राहिली, 'फ्री मेथडिस्ट'. यातलं 'फ्री' म्हणजे बाक फुकट. आणि गुलामांची मुक्तता, हेही त्यात आलंच.

ही मंडळी आपल्या वऱ्हाडात आली. अकोला-अमरावतीकडे मिशन म्हटलं की जुन्या माणसांना अलायन्स मिशन आठवतं. यवतमाळकडे मात्र फ्री मेथडिस्ट. पुढे त्यांच्याच पायावर १९५३मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. ती १९८३मध्ये पुण्याला गेली. वऱ्हाडातलं चांगलं काही पुण्याला जातंच, त्याला काय करणार!

या मंडळीचा एक मिशनरी होता, अर्नेस्ट वॉर्ड. १८८१मध्ये पत्नी फीबीसह हिंदुस्थानात आला. एकदा नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत त्याच्या डब्यात एक तरुण मराठी ब्राह्मण होता. वॉर्ड त्याच्याशी अदबीनं बोलला, कवितेच्या गोष्टी निघाल्या. उतरायच्या आधी त्यानं नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं, हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. तरुणाला तेव्हा ते भाकीत वेडगळ वाटलं. तरी तो वाचू लागला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्याचा बाप्तिस्मा झाला. तो तरुण म्हणजे कवी नारायण वामन टिळक.

टिळक मेथडिस्ट झाले नाहीत, ते अमेरिकन मराठी मिशनकडे गेले. पण मराठी ख्रिस्ती माणूस आज ज्या अभंगात आणि भजनात प्रार्थना करतो, त्यातला मोठा भाग त्यांचा. बाकांवर ताठ बसणाऱ्या उपासनेला त्यांनी टाळ दिला, कीर्तन दिलं. आणि घरात? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सोवळं लगेच सुटलं नाही. त्यांची चूल काही काळ वेगळीच होती. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटतं, की देवळात कुणाशेजारी बसावं हे ठरवणं सोपं, कुणाच्या पंगतीला बसावं हे ठरवायला वर्षं लागतात.

आता आपलं बघू. परवा एका मंडळीत हंगामाच्या सणाला गेलो. गाव सांगत नाही. लोकांनी तूर, ज्वारी, संत्रा, कोंबडी असं काय काय देवापुढे आणलं होतं. उपासनेनंतर लिलाव. एका म्हातारीच्या एका संत्र्यावर शंभरापर्यंत बोली चढली. घेणाऱ्यानं ते पुन्हा लिलावात टाकलं, पुन्हा बोली लागली. फार मजा आली. पण पहिल्या रांगेत टर्किश टॉवेल टाकलेला सोफा होता, पुढाऱ्यांसाठी. पुढारी आलेच नाहीत. दोन तास सोफा रिकामा आणि त्याच्या मागे ती म्हातारी काठी टेकून उभी.

भाडं घेत नाही आपण आता. बाक मात्र अजून राखून ठेवतो.

पाळकहो, पंचहो, एक विनंती आहे. पुढच्या हंगामी सणाला त्या सोफ्यावर संत्र्याचे क्रेट ठेवा. माणसांना सतरंजी पुरे.